हौसा कासारणीचा बर्लेस्क

पुढील शुक्रवारी: 'खुर्चीचा जबाब'. एक खुर्ची, एक वकील. खुर्ची शेवटपर्यंत काही बोलत नाही.

आमच्या गावात मध्येच शांतता झाली की तान्ही पोरं दचकून रडायला लागतात. वीज गेली, माग थांबले, एवढाच त्याचा अर्थ.

पुढील शनिवारी: 'पाठ'. प्रेक्षकांनी रंगमंचाकडे पाठ करून बसायचे आहे. मान वळवणाऱ्यास नम्रपणे बाहेर नेण्यात येईल.

एक काळा गॉगल. एक जरतारी फेटा. कोंबडीच्या पिसांचा गुलाबी झुपका, घाम लागला की रंग सोडणारा. हातमोजा, फक्त उजवा.

बांगडी फुटली असं म्हणू नये. वाढली म्हणावं.

पुढील रविवारी: बर्लेस्क. सोंगं, नकला, गाणी आणि गमतीगमतीत एकेक करून उतरवायचे कपडे. कलाकार हवे आहेत. वयाची अट नाही.

*

"वयाची अट नाही म्हणून लिहिलंय, ते खरं का?"

शेडच्या दारात साठीची एक बाई उभी होती. इरकली नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत मनगटापासून वर चढत गेलेला हिरवा चुडा. काखेत कापडी पिशवी. उन्हातून आल्यामुळे तिला आतलं काही दिसत नव्हतं, म्हणून ती अंधारालाच उद्देशून बोलत होती.

"खरं आहे," मी म्हणाले. "कुणासाठी विचारताय, मावशी?"

"माझ्यासाठी. दुसऱ्याचं विचारायला मी काय पोस्टमन हाय व्हय?"

हे इचलकरंजीतलं. बंद पडलेल्या यंत्रमागांच्या एका शेडमध्ये आम्ही नाटकं करायचो. शेड विराजच्या मामाची. विराज मगदूम परदेशात वर्षभर नाटक शिकून आला होता आणि मामाने भंगारात माग विकल्यावर रिकामी झालेली जागा त्याने मागून घेतली होती. दारावर जुना आकडा तसाच होता, म्हणून नाव 'बारा नंबर शेड'. प्रेक्षक सुताच्या कांड्या ठेवायच्या जुन्या लाकडी पेट्यांवर बसत. शेजारच्या अकरा नंबरात माग चालूच असत, त्यामुळे आमची सगळी नाटकं थोडी ओरडून व्हायची. मी तेव्हा तेवीस वर्षांची. पोस्टर लिहिणं, कपडे शिवणं, टेपचं बटण दाबणं आणि लोक का आले नाहीत याची कारणं विराजला सांगणं ही माझी कामं.

विराज शिडीवरून खाली आला.

"मावशी, तुम्ही पोस्टर नीट वाचलंत ना? यात कपडे..."

"काढायचे. चौथी पास हाय मी. वाचता येतंय."

"म्हणजे सगळे नाही हो!" तो घाईने म्हणाला.

"सगळे काढायला मी काय येडी हाय? सगळे काढल्यावर बघायला राहतंय काय?"

विराजने माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्याने मला बर्लेस्कमध्ये विलंबाचं महत्त्व काय, ते अर्धा तास समजावून सांगितलं होतं.

मी तिला ओळखत होते. गावात तिला न ओळखणारं मनगट नव्हतं. हौसा कासारीण. मारुतीच्या देवळामागे तिचं बांगड्यांचं दुकान. लहानपणी आई मला तिच्यापुढे बसवायची. मावशी हात हातात घ्यायची, "शाळेत कोण मारतंय का गं?" असं विचारायची, आणि मी उत्तर देत असतानाच पंजा असा काही दाबायची की बांगड्या कधी चढल्या ते कळायचंच नाही.

"मावशी, मी अश्लेषा. कुलकर्णी बाईंची."

"तुझं हाड मऊ होतं," ती लगेच म्हणाली. "तुझ्या बहिणीचा हात म्हणजे फळी."

विराजने विचारलं, "तुम्ही स्टेजवर कधी काही केलंय?"

"जन्मभर तेच की. गिऱ्हाईक रडायला लागलं की त्याला हसवायचं आणि तेवढ्यात काम उरकायचं." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "गाणं कसलं हाय? सनई नको. लग्नात गेल्यागत वाटतंय."

"क्लॅरिनेट आहे. टेपवर."

"बँडवाल्याचा? मग चालतंय."

*

तालमी दुपारी व्हायच्या. त्या वेळी बाजार थंड असे आणि दुकानात मालक बसत. मालक म्हणजे तिचा नवरा, नामदेवमामा.

तिने काय केलं ते सांगते. विराजने दिलेले सगळे कपडे ती लुगड्यावरूनच चढवायची: फेटा, गॉगल, कोट, पिसांचा झुपका, उजवा हातमोजा, एकावर एक गुंडाळलेले टॉवेल. फुगलेल्या पोत्यासारखी दिसायची. क्लॅरिनेट सुरू झाला की चालत यायची. आणि मग एकेका वस्तूचा माणूस व्हायचा. फेटा म्हणजे गावचा एक पुढारी. तो लग्नात आहेर न देता जेवून कसा जातो ते करून दाखवायची, आणि "आता तुम्ही निघा" म्हणून फेटा उतरवून ठेवायची. गॉगल म्हणजे रात्रीसुद्धा गॉगल लावून हिंडणारा फौजदार. कोट म्हणजे मुलगी बघायला आलेला मुलाचा बाप. पिसं म्हणजे कोण, ते तिने कधीच सांगितलं नाही, पण ती बाई कशी बसते ते पाहून विराज हसता हसता पेटीवरून खाली घसरला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"ओट्यावर बसून बघायचं. दुसरं काय काम असतंय?"

शेवटचा टॉवेल सुटला की ती आपल्या इरकलीत उभी राहायची. क्लॅरिनेट मात्र चालू असायचा. टेपवर अजून बरंच गाणं शिल्लक होतं.

"आता नमस्कार, मावशी," विराज म्हणायचा.

"नाही. हितनं पुढं हाय थोडं."

"काय आहे?"

"ते त्या दिवशी."

"असं नसतं, मावशी. तालमीत नाही ते प्रयोगात नाही."

"अस्सं. आणि तुझं ते शनिवारचं? लोक पाठ करून बसणार, त्याची तालीम तू कुणाबरोबर केलीस?"

विराजने मला बाजूला घेतलं. मला म्हणाला, "तू विचार. बायका बायकांना सांगतात."

मी विचारलं. तिने माझा हात हातात घेतला, पंजा दाबून पाहिला आणि म्हणाली, "अजून मऊ हाय." बाकी काही सांगितलं नाही.

*

शुक्रवारी 'खुर्चीचा जबाब' झाला. वकिलाचा आवाज अकरा नंबरच्या खटखटीत बुडाला. लोकांना वाटलं, तेच नाटक आहे.

*

मला राहवेना. शनिवारी सकाळी मी दुकानावर गेले. मावशी आत माल लावत होती. नामदेवमामा ओट्यावर बसले होते. बारीक, दाढी पांढरी, गळ्यात मफलर. हिवाळा नव्हता. त्यांच्या छातीचं दुखणं वर्षभर चाललं होतं. दोन वाक्यांच्या मधे ते थोडं थांबत.

"मामा, मावशी उद्या शेवटी काय करणार आहे?"

"मला काय विचारतीस? मी प्रेक्षक."

"तुम्हाला माहीत असेलच की."

"माहीत असलं तर मजा काय राहिली?" ते थांबले. "पहिल्या रांगेत जागा ठेव. आणि पेटी नको, पाठीला टेकू पाहिजे."

"ती 'खुर्चीचा जबाब'मधली खुर्ची आणून ठेवते."

"जबाब दिलेली नको बाई. गप्प बसणारी दे."

"तीच ती. गप्पच बसते."

ते हसले, आणि हसणं खोकल्यात गेलं. आतून मावशीचा आवाज आला, "हसवू नको गं त्यांना!"

तेवढ्यात एक बाई आली. फिकट साडी, मोकळं कपाळ. ती ओट्याच्या पायरीखालीच उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "हौसा, सुनेला भरायच्यात. तिचं माप घेऊन आलेय." तिने एक जुनी बांगडी पुढे केली.

"वर ये की, शालन."

"नको. हितनंच दे."

"अगं, सतरंजी टाकलीय. बस घटकाभर."

"हितनंच दे म्हणतेय ना."

मावशीने बांगड्या कागदात बांधल्या आणि खाली उतरून तिच्या हातात दिल्या. शालन गेली.

"लग्न करून आली तेव्हापासून हिला मी भरत होते," मावशी मला म्हणाली. "दोन वर्षांमागं नवरा गेला. तेव्हापासून पायरी चढत नाही."

"का?"

"का म्हणजे? बांगड्यांचं दुकान हाय." तिने माझ्याकडे पाहिलं, मी काय समजले असेन ते जोखल्यासारखं. मग म्हणाली, "उद्या एक स्टीलचं ताट लागंल. मोठं. आणि स्टूल."

"कशाला?"

"ठेवायला."

*

रविवार. संध्याकाळचे सहा. टेपवर क्लॅरिनेट. माझं बोट बटणावर.

शेड भरली होती. याआधी असं कधीच झालं नव्हतं. कॉलेजची पोरं होती, दोन-तीन मास्तर होते. पण मुख्य म्हणजे देवळामागची अख्खी गल्ली आली होती. हौसा कासारीण कपडे काढणार, ही बातमी पोस्टरपेक्षा लांब गेली होती. बायका घोळक्याने बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून, न हसण्याची तयारी करून. मागे एका कडेला शालनही होती. पहिल्या रांगेत, त्या गप्प खुर्चीत, नामदेवमामा.

फेटा आला आणि पदर सुटले. गॉगलला पोरांनी पेट्या बडवल्या. पिसांना बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी मोठ्याने नाव घेतलं, आणि मग त्यांचं हसू थांबेचना. म्हणजे ती बाई कोण, हे गल्लीला माहीत होतं. एकेक टॉवेल सुटत गेला. शेवटचा तिने गरगर फिरवून विंगेत भिरकावला. तो विराजच्या तोंडावर पडला.

टाळ्या पडल्या. ती नमस्कार करणार असं सगळ्यांना वाटलं.

ती स्टुलावर बसली. एक पाय गुडघ्यावर घेतला आणि पायाच्या बोटातलं जोडवं फिरवायला लागली. घट्ट बसलं होतं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, लोक हसले. जोडवं निघालं. तिने ते चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं आणि स्टीलच्या ताटात टाकलं.

टण्.

हसू आलं, पण कमी. दुसऱ्या पायातलं जोडवं निघालं तेव्हा फक्त पोरं हसली.

मग तिने आपला डावा हात उजव्या हातात घेतला, आणि दुकानातल्या आवाजात त्या हाताशी बोलायला लागली.

"काय गं, बरी हाईस का? सासू काय म्हणती?" आणि हातानेच लाजत उत्तर दिलं, "काय म्हणणार? आता मीच सासू झाले."

"व्हय? मग सून कशी हाय? हात सैल सोड. सैल सोड बाई, मी काय खाते का तुला? ती बघ, तिकडं बघ, हत्ती आला!"

हाताने तिकडे पाहिलं. एक हिरवी बांगडी पंजावरून सुळकन उतरून ताटात गेली. अख्खी.

शेडमधल्या प्रत्येक बाईला ते शब्द पाठ होते. प्रत्येकीला लहानपणी तो हत्ती दाखवलेला होता. कुणीतरी हसलं, आणि मध्येच थांबलं. मावशी बोलत राहिली, पंजा दाबत राहिली, बांगड्या एकेक करून उतरत राहिल्या. क्लॅरिनेट आपला लग्नाच्या वरातीसारखा वाजत होता. डावा हात मोकळा झाला. एवढ्या वर्षांच्या चुड्याखालची कातडी गोरीपान होती, दुसऱ्याच कुणाची असावी तशी.

"अगं ए हौसा!" घोळक्यातली एक म्हातारी उठून उभी राहिली. "काय अवदसा आठवली तुला? नवरा समोर बसलाय जिवंत, आणि हे काय करतीस?"

"थांबवा हो कुणीतरी!"

"ए पोरी, ते बंद कर आधी!" हे मला.

विंगेतून विराज गळ्यापुढून हात फिरवून खुणा करत होता: बंद कर. मला अजून काही कळलेलं नव्हतं. एवढंच कळत होतं की बटण दाबलं तर ते थांबेल, आणि मग ते काय होतं ते मला कधीच कळणार नाही. मावशी उजवा हात डाव्यात घेऊन बसली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पहिल्या रांगेकडे पाहत होती.

नामदेवमामांनी मफलर खाली ओढला. दोन बोटं तोंडात घातली. नुसतीच हवा गेली. त्यांनी श्वास घेतला. डॉक्टरांनी त्यांना जिना चढायला बंदी केली होती, मोठ्याने बोलायला बंदी केली होती. त्यांनी पुन्हा बोटं तोंडात घातली, आणि तमाशाच्या तंबूत मागच्या रांगेतून यावी तशी शिट्टी शेडच्या पत्र्यापर्यंत गेली.

"पुढं!" ते ओरडले. "पुढं चालू दे!"

म्हातारी उभीच होती. मी बटणावरचं बोट काढलं.

उजव्या हाताच्या बांगड्या उतरल्या. मग मंगळसूत्र. ते डोक्यावरून काढताना केसात अडकलं. "थांबा हां, केस अडकलाय," ती म्हणाली, आणि अख्खी शेड थांबली. मग तिने पदराचं टोक जिभेला लावलं, एखाद्या पोराचं तोंड पुसावं तसं आपलं कपाळ पुसलं, उभी राहिली, तालावर कंबरेला एक झटका दिला आणि वाकून नमस्कार केला.

गाणं संपलं. अकरा नंबरातली खटखट ऐकू येऊ लागली. एकटे मामा टाळ्या वाजवत होते.

*

पडद्यामागे विराजच्या हातात अजून तो टॉवेल होता. "मावशी, हे काय होतं?"

"तुझंच ते. बर्लेस्क."

"पण मामा आहेत ना अजून!" मी म्हणाले.

"हाईत म्हणून तर." तिने ताट मांडीवर घेतलं. "ते गेल्यावर मला कोण काढू देतंय? बायका येतात. दोघी हात धरतात, एक पुसते. माझ्या धाकट्या जावेच्या फोडल्या." तिने ताटातली एक बांगडी उचलली. "फोडल्याच. दगडानं. काच गेली मनगटात. चार दिवसांमागं मीच भरल्या होत्या तिच्या हातात. मी तिथंच उभी होते गं. अख्ख्या गावाच्या बांगड्या मी काढते, ओरखडा उठत नाही. एकीनंसुद्धा म्हटलं नाही, हौसा, तू काढ."

विराज खाली बसला.

"रडले असते तर कुणी येऊन धरलं असतं," ती म्हणाली. "हसवत काढलं की लोक लांब बसून बघतात. तुझ्या पोस्टरवर वाचलं तेव्हाच म्हटलं, हे बरं हाय."

पडदा बाजूला झाला. मामा भिंतीला धरत धरत आले होते. एका पेटीवर टेकून त्यांनी श्वास जमवला.

"कुंकवाला घाई केलीस," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही गप बसा. धाप लागलीय."

"बाकी बरं झालं."

*

पुढील शुक्रवारी: प्रयोग रद्द. पुढील शनिवारी: रद्द. विराजच्या मामाने शेडला कुलूप घातलं, मग महिनाभराने काढलं.

सोमवारी सकाळी हौसा कासारणीने मोकळ्या हातांनी दुकान उघडलं. काही गिऱ्हाइकं तुटली. नव्या नवरीला तिच्या हातून भरून घ्यायला नको, असं ठरलं. म्हातारीने देवळात बसून आठवडाभर तिचा उद्धार केला. आणि शालन तावातावाने आली, पायरी चढून ओट्यावर गेली आणि जिवंत नवऱ्याचं असं कुणी करतं का म्हणून कडाकडा भांडली. मावशीने मध्येच तिचा हात हातात घेतला. भांडण संपेपर्यंत तो तिने सोडला नाही. शालन सतरंजीवर बसूनच भांडत होती, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

नामदेवमामा त्यानंतर सहा वर्षं होते. रोज दुपारी दुकानात बसायचे.

ते गेले तेव्हा मी पुण्याहून आले. घर बायकांनी भरलं होतं. रिवाजाप्रमाणे तिघीजणी पुढे झाल्या. त्यातल्या मोठीने मावशीचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. गळा पाहिला. कपाळ पाहिलं. लुगड्याचा काठ वर करून पाय पाहिले. मग हात कुठे ठेवावे ते तिला कळेना.

"बसा," मावशी म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "शेजारणीनं चहा धाडलाय. गार होतोय."

त्या बसल्या. मी कप भरून दिले.

चहा पिताना त्यातल्या एकीने मला सांगितलं: तालमी चालू होत्या तेव्हा रोज दुपारी, मावशी शेडमध्ये असताना, मामा दुकानात दोन बोटं तोंडात घालून शिट्टीचा सराव करत. त्याआधी त्यांना शिट्टी मारता येत नव्हती.